गाडी उभी, तर धंदा बसला! क्लच आणि गिअरबॉक्सचा हिशेब आधीच मांडा



गाडीवर धंदा चालवणाऱ्यांना एक साधा प्रश्न. तुमच्या गाडीची क्लच प्लेट शेवटची कधी बदलली? किती किलोमीटरला? गिअरबॉक्समध्ये ऑइल कोणतं आहे? बहुतेकांचं उत्तर असतं, "सर, ते मेकॅनिकला माहीत." डिझेलचा हिशेब तोंडपाठ असतो. पण इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा जो भाग आहे, त्याची नोंद कुठेच नसते.

म्हणून आज क्लच आणि गिअरबॉक्सबद्दल बोलू, पण मालकाच्या खुर्चीत बसून.

आधी पैशाचं बोलू

समजा, तुमचा छोटा हत्ती डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार वजा जाता दिवसाला १,५०० रुपये मिळवतो. क्लच गेला, गाडी चार दिवस गॅरेजला. ६,००० रुपये बुडाले. याच पैशांतून हप्ता जाणार होता. बँक काही चार दिवस थांबत नाही. वर दुरुस्तीचं बिल, आणि ऐनवेळी भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या टेम्पोचे पैसे. आणि काल्हेरच्या गोडाऊनवाल्याने तेवढ्यात दुसरा माणूस पकडला, तर ते नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

तुमचे आकडे टाकून हे गणित एकदा कागदावर करा. मग गिअर ऑइलचा खर्च मोठा वाटणार नाही.

आपल्या रस्त्यांवर नुसते किलोमीटर मोजू नका

एक गाडी रोज नाशिक हायवेला जाते. दुसरी डोंबिवलीहून कल्याण-शीळ रोडने वागळे इस्टेटला. दोघींचं मीटर सारखंच वाढलं, तरी दुसरीची प्लेट आधी संपणार. का? क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होतात, सोडला की जुळतात. झीज होते ती या जुळण्याच्या क्षणी. हायवेला असे क्षण मोजके. काटई नाका, पलावा चौक किंवा घोडबंदर रोडला गर्दीच्या वेळी मात्र दर काही फुटांवर तेच.

त्यात हाफ क्लचची सवय. गायमुखच्या चढावर किंवा मुंब्रा बायपासला ट्रॅफिक थांबलं की ड्रायव्हर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतो. त्या वेळी प्लेट फ्लायव्हीलवर घासत असते. जळका वास येतो तो तिथूनच.

पण सगळा दोष ड्रायव्हरला देऊ नका. क्षमतेपेक्षा जास्त माल कोण भरतो? आपणच ना? जास्त वजन उचलताना प्लेट जास्त वेळ घासते. एका फेरीत वाचवलेले पैसे असे परत जातात.

गाडी आधीच सांगते

- अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही: प्लेट घसरते आहे.
- पेडल अगदी वर आल्यावरच क्लच पकडतो: बऱ्याचदा प्लेट झिजल्याची खूण.
- क्लच दाबल्यावर घरघर येते: रिलीज बेअरिंग तपासा.
- गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवर नाही आणि आवाज येतो, क्लच दाबला की थांबतो: गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग तपासा.
- गिअर टाकताना कर्रकन आवाज होतो: क्लच पूर्ण सुटत नाही किंवा सिंक्रो रिंग झिजली आहे.

यातलं एक जरी दिसलं, तरी तुमच्या सोयीच्या दिवशी गाडी दाखवा. नाहीतर गाडी तिच्या सोयीने बंद पडेल, बहुधा भर सीझनमध्ये.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरीचा मोठा भाग त्याचाच असतो. त्यामुळे फक्त प्लेट बदलून पैसे वाचत नाहीत. दोन महिन्यांनी रिलीज बेअरिंग गेलं, तर तीच मजुरी पुन्हा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदला. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि इंजिनाच्या मागचं ऑइल सील पाहून घ्या. सील गळत असेल, तर नवी प्लेटही तेलाने खराब होईल.

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या. जुने पार्ट परत मागा. पक्कं बिल घ्या, त्यावर किलोमीटर लिहून घ्या. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही.

ऑइलच्या बाबतीत गाडीचं मॅन्युअल प्रमाण. मॅन्युअल जीएल-४ सांगत असेल, तर "त्यापेक्षा भारी" म्हणून जीएल-५ टाकू नका. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना त्रास देऊ शकतात. इथे महाग म्हणजे चांगलं, असं नसतं.

एएमटी घेतली, म्हणजे सुटलो?

२०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि एएमटी सामान्य माणसाच्या बजेटमध्ये आली. आता टूरवाल्यांकडेही एएमटी दिसते. पण लक्षात घ्या, एएमटीमध्ये क्लच असतोच. फक्त तो तुमचा पाय नाही, यंत्र दाबतं. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, तर तोही जळतो. ब्रेक लावा. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक असेल, तर कंपनीने सांगितलेलंच फ्लुइड वापरा.

पावसाळ्याची वेगळी नोंद

२६ जुलै २००५ आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. जुलै २०१९ मध्येही उल्हास नदीचं पाणी किती चढलं ते आपण पाहिलं. गाडी पाण्यात उभी राहिली, तर लोक इंजिन तपासतात आणि गिअरबॉक्स विसरतात. ब्रीदरमधून किंवा सीलमधून आत पाणी जाऊ शकतं. ऑइल दुधाळ दिसलं, की लगेच बदला. तसंच चालवलं, तर आतली बेअरिंगं गंजतात आणि त्याचं बिल काही महिन्यांनी येतं.

या रविवारचा गृहपाठ

१. प्रत्येक गाडीची एक वही करा. तारीख, किलोमीटर, काम, पार्ट, बिल.
२. ड्रायव्हरसोबत अर्धा तास बसा. वरची लक्षणं त्याला समजावा आणि सांगा, "आवाज आला की लगेच सांग, ओरडणार नाही." ओरडा बसेल या भीतीने लपवलेला आवाजच पुढे महाग पडतो.
३. प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाका. मागच्या क्लचचं एकूण बिल भागिले त्यावर झालेल्या फेऱ्या, हा तुमचा आकडा. भाडं ठरवताना तो धरा.

क्लच कधीतरी संपणारच, तो झिजण्यासाठीच बनवलेला आहे. तो संपेल तेव्हा पैसे खात्यात असतील की उसने मागावे लागतील, हे मात्र तुम्ही आज ठरवू शकता.

वही सुरू करा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!