खिशातले जीव आणि कढीपत्त्यावरची अळी



विषयाचं नाव वाचून पुढच्या रांगेतल्या काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत, त्या आम्हाला इथून दिसतायत. आणि मागच्या रांगांमधली तरुण मंडळी आजचा कार्यक्रम आपल्यासाठीच आहे, अशा थाटात बसली आहेत. आम्हाला दोघांशीही बोलायचं आहे.

प्रश्न साधा आहे. हिंजवडीत काम करणारी, तिशीतली माणसं दिवसभर उत्तमातल्या उत्तम संगणकावर बसतात. आणि घरी जाताना बसमध्ये फोन काढून काय खेळतात? तर ठिपक्याठिपक्यांची चित्रं असलेला, पीं-पीं संगीताचा, तीस वर्षांपूर्वीच्या वळणाचा गेम. गवतातून चालायचं, विचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे. यात एवढं काय आहे? आणि पालकांचा दुसरा प्रश्न, यातून मुलांचं काही भलं होतं का, की नुसताच वेळ जातो?

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही एका छोट्या गावातलं मूल असता. गावातली कुणी जाणती व्यक्ती तुम्हाला एक प्राणी देते. त्याला घेऊन तुम्ही घराबाहेर पडता. उंच गवतात शिरलात की अचानक रानटी प्राणी समोर येतो. मग आळीपाळीने चाल करायची, बुद्धिबळासारखी. त्याला दमवायचं, पण पार आडवं करायचं नाही, कारण आडवा झाला की तो हातचा गेला. योग्य वेळी चेंडू फेकायचा आणि त्याला पकडायचं. असे सहा प्राणी सोबत ठेवता येतात. बाकीचे साठवणीत. लढून लढून ते मोठे होतात, काहींचं रूप पालटतं.

इंग्रजीत याला मॉन्स्टर म्हणतात, पण त्याचं मराठी ‘राक्षस’ केलं की सगळा अर्थ बिघडतो. हे कुणाला खाणारे राक्षस नव्हेत. अळ्या, उंदीर, मासे, साप, पाखरं यांच्यावरून बेतलेले जीव आहेत. म्हणून आज आपण त्यांना ‘जीव’च म्हणू.

शत्रूलाच आपल्या बाजूला घेण्याची कल्पना जुनी आहे. १९८७ च्या ‘मेगामी टेन्सेई’ या जपानी गेममध्ये भुताखेतांशी बोलून त्यांना सोबत घेता यायचं. १९९२ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पाचव्या भागातही हरवलेले प्राणी तुमच्या टोळीत येऊ शकत. पण या कल्पनेभोवती अख्खा गेम उभा राहिला आणि जगभर पोचला तो पोकेमॉनमुळे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये त्याच्या लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्या आल्या. करायला जवळजवळ सहा वर्षं लागली होती.

तो ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या सातोशी ताजिरीची गोष्ट आपल्या कामाची आहे. जन्म १९६५ चा. टोकियोच्या कडेला माचिदा नावाचं ठिकाण आहे, तिथे तो वाढला. तेव्हा तिथे भातखाचरं होती, तळी होती, झाडी होती. पोरगं दिवसभर किडे गोळा करायचं. मित्र त्याला ‘डॉक्टर किडा’ म्हणायचे. पुढे टोकियो पसरत आलं. खाचरं बुजली, रस्ते झाले, इमारती झाल्या. ज्या तळ्यावर तो मासे धरायचा, तिथे गेम सेंटर उभं राहिलं, असं त्याने मुलाखतीत सांगितलं आहे. आणि हा त्याच गेम सेंटरमध्ये रमला! आपल्यानंतरच्या शहरी पोरांना किडे पकडण्याची मजा कशी मिळणार, या विचारातून हा गेम आला.

म्हणजे या गेमचं मूळ शेताच्या बांधावर आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला इथेच परत यायचं आहे.

आता ओढ कशाची, ते बघू. आम्हाला चार कारणं दिसतात.

पहिलं कारण, कमी चित्र. गेम बॉय या यंत्राचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, आणि रंग म्हणाल तर करड्या-हिरव्याच्या चार छटा. एवढ्यात अजगर काढायचा, ड्रॅगन काढायचा. चित्रकाराने बाह्यरेषा तेवढी दिली, बाकीचं खेळणाऱ्याने मनात भरायचं. आपण दिवाळीत किल्ला करतो तेव्हा काय करतो? दगड-विटा रचून वर माती थापायची, हळीव पेरायचे, बोटाएवढा मावळा ठेवायचा, आणि म्हणायचं हा रायगड. कुणी म्हणत नाही की हा रायगडासारखा दिसत नाही. उलट, सगळं हुबेहूब असतं तर खेळायला काही उरलंच नसतं. जुन्या वळणाच्या चित्रांची गोडी ही आहे. नुसत्या आठवणींचं ते प्रेम नाही. कारण ज्यांनी गेम बॉय कधी हातात धरला नाही, ती आजची पोरंही हे आवडीने खेळतात.

दुसरं कारण, एकट्याने पूर्ण न होणारा संग्रह. पहिल्या गेममध्ये १५१ जीव होते. त्यातले काही फक्त लाल आवृत्तीत, काही फक्त हिरवीत. सुरुवातीच्या तिघांतला एकच तुम्हाला मिळणार. काही जीवांचं रूप तर ते दुसऱ्याला दिल्यावरच पालटतं. म्हणजे मित्र पाहिजेच. दोन यंत्रं वायरने जोडायची आणि अदलाबदल करायची. ताजिरीला त्या वायरवरून इकडून तिकडे जाणारा किडा दिसला होता, असं सांगतात. आपल्याकडे हे नवं नाही. काडेपेटीची चित्रं, पोस्टाची तिकिटं, गोट्या, डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं, सगळ्याचा जीव अदलाबदलीत होता. ‘तुझ्याकडे डबल आहे का?’ हा प्रश्न या सभागृहातल्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारला असेल.

तिसरं कारण, सोपा नियम आणि खोल हिशेब. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी. दगड-कागद-कात्रीच ही. पहिलीतल्या मुलाला कळते. पण पहिल्याच गेममध्ये असे १५ प्रकार होते, आणि काही जीवांचे एकावेळी दोन प्रकार. सहा जणांची टोळी निवडताना कोण कशाला कमी पडेल, याचं कोष्टक डोक्यात मांडावं लागतं. शिवाय घाई नाही. तुमची पाळी आली की हवा तितका वेळ विचार करा. आईने हाक मारली, खाली ठेवा. बस आली, खाली ठेवा. खेळ तुमच्यासाठी थांबतो. आजच्या मोबाइलवरचे किती खेळ थांबतात?

चौथं कारण, माया. पकडलेल्या जीवाला नाव ठेवता येतं. दहा तास बरोबर हिंडलेली, सुरुवातीला कुचकामी असलेली अळी पुढे तुम्हाला लढाई जिंकून देते. तिची जागा दुसऱ्याला देताना वाईट वाटतं. जुन्या कॅसेटमध्ये हा सगळा साठा एका बटणाएवढ्या सेलवर जपलेला असायचा. वर्षांनी सेल संपला की सगळे जीव नाहीसे. अशा संपलेल्या कॅसेटा लोकांनी टाकून दिलेल्या नाहीत, एवढं सांगितलं तरी पुरे.

आपल्याकडे हे आलं जरा आडवाटेने. गेम बॉय फार थोड्या घरांत होता. आपल्याकडे टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आणि त्यांच्या पिवळ्या कॅसेटा होत्या, आणि त्यांत हा गेम नव्हता. २००३ मध्ये पोकेमॉनची मालिका कार्टून नेटवर्कवर लागली. चिप्सच्या पाकिटातून टाझो आले. म्हणजे बहुतेकांनी आधी जीव गोळा केले ते खिशात, प्लॅस्टिकच्या चकत्यांवर. गेम आला मागाहून, सायबर कॅफेत किंवा मित्राच्या संगणकावर, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून. त्यातल्या बहुतेक प्रती परवान्याशिवायच्या होत्या, हे कबूल करायला हवं. पण एक पिढी त्यावर वाढली हेही खरं, आणि आज हिंजवडीच्या बसमध्ये बसलेली ती हीच.

आता पालकांचा प्रश्न. दोन्ही बाजू सांगतो.

वाईट बाजू ही की यातला गळ जुगाराच्या गळासारखाच आहे. गवतात पुढच्या पावलाला काय निघेल, माहीत नसतं. कधी काहीच नाही, कधी नेहमीचं, आणि क्वचित दुर्मीळ. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं की माणूस पुन्हापुन्हा हात घालतो, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. १९९९ च्या दुसऱ्या पिढीच्या गेममध्ये वेगळ्या रंगाचा चमकता जीव दिसण्याची शक्यता ८,१९२ मध्ये एक होती. तरी लोक तासन्‌तास शोधत बसले.

पण फरक आहे, आणि मोठा आहे. जुन्या वळणाच्या गेमला एकदाच पैसे द्यावे लागतात. पुढे गवतातलं प्रत्येक पाऊल फुकट. आजचे पुष्कळ ‘फुकट’ गेम त्याच गळाला पैसे लावतात. पेटी उघडायला पैसे, आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना जुगारच ठरवलं. म्हणून पालकांनो, मूल काय खेळतं यापेक्षा ते खेळताना पैसे कुठे मागितले जातात, ते आधी बघा. वेळेची मर्यादा घालाच, पण सगळ्या खेळांना एकाच मापाने मोजू नका.

नवे लोकही हे ओळखून गेम करतायत. २०२२ चा ‘कोरोमॉन’ मुद्दाम जुन्या ठिपक्यांच्या चित्रांत आहे. २०२३ च्या ‘कॅसेट बीस्ट्स’मध्ये तर जीव चेंडूत धरत नाहीत, गाण्याच्या कॅसेटवर रेकॉर्ड करतात. दोन्ही छोट्या चमूंनी केलेले. पुण्यातल्या छोट्या चमूने ‘राजी’सारखा गेम २०२० मध्ये जगापुढे आणलाच होता. मग सह्याद्रीतल्या जीवांचा असा गेम इथल्या कुणी का करू नये?

हे गमतीने विचारत नाही. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केंब्रिजच्या संशोधकांचा एक छोटा लेख आला. त्यांनी ब्रिटनमधल्या ४ ते ११ वयाच्या १०९ मुलांना चित्रांची कार्डं दाखवली. काहींवर तिथले खरे प्राणी-वनस्पती, काहींवर पोकेमॉन. आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉन ओळखता आले सुमारे ७८ टक्के. खरे जीव सुमारे ५३ टक्के. संशोधकांनी मुलांना दोष दिला नाही. मुलांची जीव ओळखण्याची, नावं लक्षात ठेवण्याची ताकद अफाट आहे, तिला जागं करण्यात आपण निसर्गवाले गेमवाल्यांच्या मागे पडलो, असं ते म्हणाले.

आता मुळशीकडे या. ताजिरीच्या लहानपणचं माचिदा कसं असेल, हे समजायला जपानला जायला नको. भूगाव-पिरंगुटकडून पौडला या. खाचरांवर प्लॉटिंगचे दगड रोवलेले दिसतील. ओढे नळ्यांत गेलेले दिसतील. या तालुक्याला जमीन हातची जाण्याचं दुःख नवं नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला, तो धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठीच. पण माचिदात आणि इथे एक फरक आहे. इथे अजून सगळं गेलेलं नाही. ताम्हिणीला २०१३ पासून अभयारण्य आहे. तिकडे शेकरू आहे, शीळ घालणारा कस्तुर आहे. पहिल्या पावसात ओढ्यात खेकडे निघतात आणि पोरं अजून बॅटरी घेऊन जातात.

एक गंमत सांगतो आणि थांबतो. पोकेमॉनमध्ये कॅटरपी नावाची हिरवी अळी आहे. डोक्यावर लाल शिंगासारखं काहीतरी, त्यातून घाण वास सोडते. सातव्या पातळीला तिचा कोश होतो, दहाव्याला फुलपाखरू. पोरांना वाटतं ही जपानी कल्पना. तुमच्या दारातल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर बघा. तिथे हिरवी अळी सापडली तर तिला गवताच्या काडीने हळूच स्पर्श करा. डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर येईल आणि उग्र वास येईल. ही पुच्छवाल्या, म्हणजे स्वॅलोटेल कुळातल्या फुलपाखरांची अळी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, याच कुळातला.

तेव्हा नातवाच्या हातातला फोन हिसकावून घेण्याआधी त्याला विचारा, ‘बाळा, तुझी ती कॅटरपी दाखव बरं.’ तो दाखवेल, आणि दहा मिनिटं बोलत राहील. ते ऐकून घ्या. मग त्याला कढीपत्त्यापाशी न्या. झाडावर अळ्या असतील तर फवारणी चार दिवस पुढे ढकला. नावं त्याला पाठ करता येतात, हे आपण बघितलंच आहे. दारातल्या जीवांची नावं सांगणारं कुणीतरी त्याला भेटलं पाहिजे.

बस, एवढंच. आता प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतून, त्यांचे हात मघापासून वर आहेत.