बुडू न देणारे ठोकळे

आमच्या कळवणजवळ गिरणा नदीवर चणकापूरचे धरण आहे. समजा, अशा एखाद्या जलाशयात तुम्ही कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची लांबट, निमुळती नाव, घेऊन गेलात आणि मध्यावर ती उलटून पाण्याने भरली. ती बुडेल की तरंगेल? काठ दूर असताना या उत्तरावर जीव अवलंबून असतो.

प्रथम घरी एक प्रयोग करा. स्टीलची वाटी बादलीतल्या पाण्यावर ठेवा. ती तरंगते. आता तिच्यात पाणी भरू द्या. ती तळाशी जाते. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट असते. आधी वाटी तरंगली, ती तिच्या पोकळीमुळे. पोकळीत पाणी शिरले आणि तो आधार गेला.

आता हिशेब करू. वाटी १०० ग्रॅमची असेल, तर तिच्यातील पोलादाचे आकारमान सुमारे १३ घनसेंटिमीटर भरते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तिचे वजन पाण्यात १३ ग्रॅमने कमी होते. उरलेले ८७ ग्रॅम तिला खाली ओढतात. थर्मोकोलचा १ घनसेंटिमीटर तुकडा पूर्ण बुडाला, की जवळजवळ १ ग्रॅम भार उचलतो. म्हणजे ९० घनसेंटिमीटर थर्मोकोल जेमतेम पुरेल. आपण ११० घेऊ आणि तो वाटीत दोऱ्याने घट्ट बांधू. आता वाटी पाण्याने भरली तरी बुडत नाही!

फायबरग्लासही पाण्यापेक्षा जड असते. म्हणून अशा कयाकच्या दोन्ही टोकांत फोमचे ठोकळे बसवतात. एकाच टोकात बसवले, तर पाणी भरल्यावर दुसरे टोक खाली जाऊन नाव उभी होईल. ठोकळा पक्का हवा; निसटला तर तो एकटाच तरंगेल. फोमही बंद छिद्रांचा हवा; अंघोळीचा स्पंज पाणी पितो, तो कुचकामी. शिवाय १० लिटरचा ठोकळा बसवला, की नावेत १० लिटर पाणी कमी मावते.

काही कयाकमध्ये तळ आणि वरचे आच्छादन यांच्यामध्ये फोमचा उभा ठोकळा असतो. तो घराच्या खांबासारखे काम करतो. नाव खडकात अडकून वर प्रवाहाचा दाब आला, तरी आच्छादन सहसा पायांवर दबत नाही.

तेव्हा पाण्यावर जाताना लाइफ जॅकेट घालाच. त्यातही बहुधा फोमच असतो. आणि नाव उलटली, तर शक्यतो तिला धरून राहा. पाण्याने भरलेली, पण तरंगणारी नाव हा मोठा आधार असतो.