चुलीपुढची पहिली

वाचकहो, मृगाचा पाऊस पडून गेला की तुमच्या घरात दोन गोष्टींची धांदल उडते. एक पेरणीची आणि दुसरी पोरांच्या शाळेची. तुम्ही बी-बियाणाचा हिशेब करीत बसलेले असता, तोच धाकटा येऊन सांगतो, "मला पाटी पाहिजे, दप्तर पाहिजे." तुम्ही त्याला म्हणता, "थांब जरा, आधी चाड्यावर मूठ धरू दे." पण शाळेतली पेरणीही त्याच दिवसांतली असते. तिची वेळ चुकली तर दुबार पेरणी फार जड जाते. म्हणून आज माझ्या पहिलीच्या पुस्तकाची गोष्ट तुम्हाला सांगणार आहे.

मी १९७० साली शाळेत गेलो. आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, बाजरी-मटकीच्या दुष्काळी पट्ट्यात. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. एकच गुरुजी आणि चार यत्ता. एका कोपऱ्यात चौथीचे पाढे चालायचे, दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही बाराखडी ओरडायचो, आणि मध्येच कुणी देवाला आले की घंटा वाजायची. आमच्या आबांच्या वेळी धूळपाटी असे. फळीवर धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचे. आमच्या वाट्याला दगडी पाटी आली. तिची लाकडी चौकट खिळखिळी झालेली आणि एक कोपरा उडालेला. पेन्सिलीचा निम्मा तुकडा पाटीवर झिजायचा आणि निम्मा आम्ही खाऊन टाकायचो!

गुरुजी पहिल्या दिवशी 'क' शिकवीत नसत. ते 'ग म भ न' पासून सुरुवात करीत. तुम्हीही बहुधा तसेच शिकला असाल. यात मोठी युक्ती आहे. या चारही अक्षरांना उजवीकडे उभा दांडा आहे आणि त्यांची वळणे जवळजवळची आहेत. एक हातात बसले की दुसरे आपोआप येते. नवख्या बैलाला आधी सरळ तास मारायला लावतात, तसलाच हा प्रकार.

मग पुस्तक आले. पाठ्यपुस्तके काढणारे मंडळ, ज्याला आपण बालभारती म्हणतो, ते १९६७ साली पुण्यात स्थापन झाले. त्याआधीच्या पिढीने आचार्य अत्र्यांच्या नवयुग वाचनमालेसारखी पुस्तके वाचली. माझ्या हातात बालभारतीचे पुस्तक पडले, पण ते कोरे नव्हते. थोरल्या चुलतभावाने वर्षभर वापरून ते माझ्याकडे सोपवले होते. पुठ्ठा सुटलेला, चित्रातल्या गाईला मिशा काढलेल्या. आईने दाभणाने ते शिवले, वर जुन्या वर्तमानपत्राचे कव्हर घातले, आणि मी आत मोराचे पीस ठेवले. पिसाला पिल्लू होते असे आम्हा सगळ्यांचे ठाम मत होते.

तेव्हाची पहिलीतली चढण साधी असे. आधी काना-मात्रा नसलेले शब्द. घर, मगर, बदक, वड. ते जमले की काना, मग वेलांटी, मग उकार, आणि अगदी शेवटी जोडाक्षरे. ही चढण नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत तिचे काम आहे.

संध्याकाळी आई भाकरी थापायला बसली की मी चिमणीच्या उजेडात चुलीपुढे पुस्तक उघडायचो. मला वाटे, आई माझा अभ्यास घेते आहे. पण एके दिवशी पाहिले तर काय, तिने काठवटीत पीठ पसरले होते आणि बोटाने 'ग' काढला होता. मी पाहिले म्हणताच तिने हात फिरवला, पीठ गोळा केले आणि तो 'ग' भाकरीत गेला.

"आये, तू बी शिकतीयास व्हय?"

"गप. कुणाला सांगू नगंस," ती म्हणाली. "आनि त्यो दुसरा कसा काढायचा, त्यो दाव."

त्या दिवसापासून चुलीपुढे दोन विद्यार्थी झाले. मी शाळेतून आणलेले अक्षर रात्री काठवटीत उतरायचे.

तिला ही हौस का लागली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. गावोगाव प्रौढ माणसे रात्री कंदिलापुढे बसून शिकली. आमचे आबा त्यात सही करायला शिकले. आई लग्न होऊन गावात आली ती त्यानंतर, आणि तोवर आमच्याकडचे वर्ग थंडावले होते. तिच्या माहेरचे कार्ड आले की पोस्टमन ते गावातल्या दुकानात ठेवून जाई. दुकानदार सवडीने वाचून दाखवी. एकदा एक कार्ड चार दिवस तसेच गल्ल्याखाली पडून राहिले. तिचे वडील आजारी असल्याचे ते कार्ड होते. ती पोचली तेव्हा सारे आटोपले होते. दुकानदाराच्या मनात पाप नव्हते, तो विसरला इतकेच. पण तिचे व्हायचे ते नुकसान झाले. याबद्दल ती कधी कुणाशी भांडली नाही. तिने पहिलीचे पुस्तक हाती घेतले आणि पोस्टमनला सांगून ठेवले, "माझं कार्ड घरी देत जा."

माघ महिन्यात एक कार्ड घरी आले. मामाने लिहिलेले. आबा रानात होते. आई उंबऱ्यात बसली आणि बोट ठेवून वाचू लागली. वरचा मायना तिने सोडून दिला. मग 'आईची' हा शब्द तिने लावला. पुढचा शब्द काही केल्या लागेना. त्याच्या पुढचे 'बरी नाही' तिने चटकन वाचले, कारण काना आणि वेलांटी आमची झाली होती.

"आईची काय बरी नाही?" ती मला विचारू लागली. "ह्यो मधला सबूत काय हाय?"

मलाही तो शब्द येईना. आमची जोडाक्षरे अजून यायची होती. मी पळत जाऊन चुलतभावाचे दुसरीचे पुस्तक आणले. आम्ही दोघांनी पाने उलटली आणि 'प्रकाश' सापडला, त्याच्या शेजारी दिव्याचे चित्र होते. 'प्र' कळला. 'कृ' मात्र पुस्तकात दिसेना. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सापडला. कृष्ण पक्ष! एकादशी बघायला आई गुरुजींना विचारायची, तेव्हा ते त्या शब्दावर बोट ठेवीत. मग तिने हळूहळू जुळवले, "प्र... कृ... ती." आणि तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ती माहेरी गेली. आजी त्यानंतर बारा दिवस होती. तिला भरवायला, तिचे पाय चेपायला आईला ते बारा दिवस मिळाले. ती परत आली तेव्हा आबांनी एकच वाक्य उच्चारले, "मला सांगायचं न्हाईस व्हय, शिकतीयास म्हनून?" आणि पुढच्या बाजारातून तिच्यासाठी वेगळी पाटी आणली.

नंतर १९७२ चा दुष्काळ आला. गावच्या गाव खडी फोडायला गेले. आठवड्याच्या पगाराला बाया हजेरीपटावर अंगठा देत. आईने सही केली आणि आपल्या नावापुढच्या खुणा मोजल्या. दोन दिवस कमी लागले होते. तिने शांतपणे मुकादमाला दाखवले. चूक होती ती दुरुस्त झाली. पुढच्या आठवड्यात तिच्या मागे सात-आठ बाया उभ्या राहिल्या, "आक्का, आमचं बी बघ की जरा." त्यातल्या तिघी पुढे आमच्या चुलीपुढे काठवट घेऊन बसू लागल्या.

वाचकहो, ही जुनी गोष्ट झाली असे म्हणू नका. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरातली अठरा माणसे साक्षर होती, आणि बायकांत शंभरातल्या जेमतेम नऊ. २०११ च्या जनगणनेत देशातली त्र्याहत्तर माणसे शंभरात साक्षर निघाली, आणि बायकांत पासष्ट. वाट पुष्कळ तुडवली, पण ज्यांची राहिली त्या तुमच्या-माझ्याच घरातल्या म्हाताऱ्या आहेत. आज पोस्टमनचे कार्ड येत नाही. बँकेचा निरोप मोबाईलवर येतो, औषधाच्या पुडीवर तारीख असते, खताच्या पोत्यावर सूचना असतात. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायचे म्हटले की गल्ल्याखालचे कार्ड आलेच.

म्हणून तीनच गोष्टी सांगतो. पोरगा किंवा पोरगी पहिलीत असेल तर रात्री जेवणाआधी पाव तास त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही ऐका. अडखळला तर हसू नका, हात उगारू नका. आमच्या आईला एका शब्दाला अर्धी सकाळ लागली होती. दुसरे, त्या पाव तासात घरातल्या न शिकलेल्या माणसालाही शेजारी बसवा. पोराला शिकवायला मिळाले की त्याचे स्वतःचे पक्के होते. २०२२ साली सुरू झालेला 'उल्लास' हा साक्षरतेचा कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या न शिकलेल्यांसाठीच आहे. त्यात शिकवणारे स्वयंसेवक असतात, शाळेतली पोरेसुद्धा शिकवू शकतात. गावच्या शाळेत गुरुजींना किंवा बाईंना जाऊन विचारा. तिसरे, पुस्तक नाही ही सबब आता उरलेली नाही. सरकारी शाळेत ते फुकट मिळते, आणि बालभारतीची पुस्तके मोबाईलवरही उतरवून घेता येतात.

आई आता नाही. तिच्या पेटीत ते दाभणाने शिवलेले पुस्तक निघाले. मोराच्या पिसाला काही पिल्लू झाले नव्हते. पण त्याच्याशेजारी मामाचे ते कार्ड होते, आणि 'प्रकृती' या शब्दाखाली पाटीच्या पेन्सिलीने ओढलेली एक पुसट रेघ होती.

यंदा चाड्यावर मूठ धराल, त्याच संध्याकाळी काठवटीत थोडे पीठ पसरा. 'ग' पासून सुरुवात करा.