गोगलगाय डावी की उजवी?

मित्रांनो, गणपतीची सोंड डावी की उजवी, हे तुम्ही हटकून बघता ना? मग पावसाळ्यात गोगलगायही तशीच निरखून बघा. या एका खुणेमुळे तिचा जीव वाचू शकतो, बरं का!

बागेत गोगलगाय दिसली की घरातली मोठी माणसं मीठ घेऊन धावतात. त्यांचंही खरंच आहे. आफ्रिकेची शंखी गोगलगाय भलतीच खादाड! 1847 साली बेन्सन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि ती देशभर पसरली. 2022 साली लातूर-बीड भागात तिने सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली.

पण दिसेल ती गोगलगाय आफ्रिकेचीच असते असं थोडंच आहे? आपल्या पश्चिम भारताची एक गोगलगाय आहे. तिचं शास्त्रीय नाव 'एरिओफँटा लेव्हिपेस'. मिठाच्या माऱ्यात ही बिचारी उगाच मरते.

मग ओळखायची कशी? रिकामा शंख घ्या. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करा. तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा, डावीकडे आलं तर डावा. जगातल्या बहुतेक गोगलगायी उजव्या. आफ्रिकेचीही उजवीच, तिचा शंख उंच, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा. आपली लेव्हिपेस मात्र डावी, आणि तिचा शंख बसका!

पण उजवी म्हणजे परकीच, असं समजू नका हं. आपल्याकडच्या कितीतरी गोगलगायी उजव्याच आहेत. म्हणून शंखाचा आकारही बघायचा.

शास्त्रज्ञांनाही हे कोडं एकदम सुटलं नाही. 1774 साली डेन्मार्कच्या म्युलर यांनी लेव्हिपेसची नोंद केली, ती 'हेलिक्स' या गटात. तेव्हा नाना तऱ्हेच्या गोगलगायी त्या एकाच गटात कोंबलेल्या असत! 1829 मध्ये 'एरिओफँटा' हा वेगळा गट झाला. आज शास्त्रज्ञ नुसत्या शंखावर भागवत नाहीत. शरीराच्या आतले अवयव आणि डीएनएसुद्धा तपासतात.

तुम्हीही एक वही करा. तारीख, जागा, डावी की उजवी, शंख उंच की बसका, सगळं लिहा, चित्र काढा. जिवंत गोगलगायीला उघड्या हाताने शिवू नका. रिकामा शंख हाताळल्यावरही साबणाने हात धुवा.

आणि आई-बाबांनी मीठ आणलंच, तर म्हणा, "थांबा, आधी बघू तरी कोण आहे ती!"