सहा जणींचा महिना

दिवाळीच्या पाडव्याला सुरू होणारा कार्तिक सहा बायकांच्या नावाने ओळखला जातो. पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो म्हणून कार्तिक, हे पंचांग उघडणाऱ्याला ठाऊक असतं. त्या कृत्तिका म्हणजे नवऱ्यांनी टाकलेल्या ऋषिपत्नी, याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी ही कथा पांडवांना सांगतात. सप्तर्षींच्या बायकांवर अग्नीचं मन जडलं आणि दक्षकन्या स्वाहेचं अग्नीवर. तिने अंगिरसाच्या पत्नीचं, शिवेचं, रूप घेऊन अग्नीला गाठलं; मग एकेक करून आणखी पाच जणींचं. अरुंधतीचं रूप काही तिला घेता येईना, इतकं त्या बाईचं तप मोठं. अग्नीचं तेज स्वाहेने श्वेत पर्वतावर सोन्याच्या कुंडात ठेवलं आणि त्यातून सहा तोंडांचा स्कंद जन्मला. इकडे कुजबुज सुरू झाली. सहा ऋषींनी बायकांना टाकलं. विश्वामित्राला खरं काय ते माहीत होतं; यांचा काही दोष नाही, असं त्याने सांगितलं. स्वाहेनेही मूल आपलं असल्याचं सांगितलं. ऋषींनी ऐकलं नाही.

त्या सहा जणी मग स्कंदाकडे येतात. आम्हाला विनाकारण टाकलं, आमचं स्थान गेलं, आता तूच आमचा मुलगा हो, एवढंच त्यांचं मागणं. स्कंद साक्षीपुरावा मागत नाही, होकार देतो. रोहिणीची धाकटी बहीण अभिजित तपाला निघून गेल्यामुळे नक्षत्रांत एक जागा रिकामी झालेली असते. कृत्तिका आकाशात जातात. ज्या पोरावरून बायकांना बट्टा लागला, त्याच पोराने त्यांना आई म्हटलं. आयुष्यभर तप केलेल्या सहा ऋषींना जे जमलं नाही, ते या कोवळ्या पोराला जमलं. या कथेचं अध्यात्म मला इथे सापडतं.

कथेची मुळं आणखी जुनी आहेत. शतपथ ब्राह्मण म्हणतं की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. त्या सप्तर्षींच्या बायका, पण नवरे उत्तरेला उगवतात म्हणून त्यांची ताटातूट झाली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात याच उल्लेखावरून इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं असा काळ काढला. त्यावर अभ्यासकांत वाद आहे. माझं लक्ष मात्र त्या ताटातुटीकडे जातं. ती आधी आकाशात दिसली असावी. दोष कुणाचा, हा प्रश्न पुढच्या कथाकारांनी विचारला.

तैत्तिरीय संहितेत कृत्तिका सात आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणिका. नुसत्या डोळ्यांना बहुतेकांना सहाच दिसतात. ग्रीकांच्याही सात बहिणी, आणि त्यांच्यातलीही एक हरवलेली. आपल्याकडे सातवीचा ठावठिकाणा पक्का आहे: अरुंधती वसिष्ठाशेजारी. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या खंडात (१९५४) हेच तारे जाळ्यात गुंफल्यासारखे वर येतात, पाठोपाठ झगमगत्या पट्ट्याचा योद्धा उगवतो आणि एल्फ गाऊ लागतात. अद्भुतकथेतलं हे तारे पाहून गाणं मला मनापासून आवडतं. पण आपल्या कथाकारांनी त्याच ताऱ्यांच्या तोंडी गाऱ्हाणं घातलं आणि देवाला ते ऐकायला लावलं. मला ते अधिक मोलाचं वाटतं.

म्हणूनच एक गोष्ट खुपते. बायकांनी कार्तिकस्वामींचं, म्हणजे याच स्कंदाचं, दर्शन घेऊ नये, घेतलंच तर कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्राच्या योगावर, अशी समजूत महाराष्ट्रात अजून आहे. सहा आयांनी आपलं म्हटलेल्या देवाच्या दारात बायकांना वर्षभर अडवायचं, याला या कथेत कुठलाही आधार मला दिसत नाही. लग्नातही वधूला अरुंधती तेवढी दाखवतात. निर्दोष असून बाहेर काढलेल्या सहा जणींकडे बोट करायला कुणी सांगत नाही.

त्यांना पाहायला पौर्णिमा सोयीची नाही, चांदण्यात तारे फिके पडतात. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी उठाल तेव्हा, साधारण पाचला, गच्चीवर जा. पश्चिमेकडे चांगल्या उंचीवर कृत्तिकांचा पुंजका असेल. ईशान्येला इमारती आड येत नसतील, तर क्षितिजालगत वसिष्ठ आणि त्याला खेटून अंधूक अरुंधती दिसेल. घरातल्या लेकीसुनांना दोन्ही दाखवा, आणि गोष्ट सांगताना कृत्तिकांपासून सुरुवात करा.