एका गादीचे दोन वारस

वणीजवळच्या सप्तशृंगगडावरील दगडी पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी बांधविल्या. त्यांच्या घराण्याने ज्या यादवीच्या काळात वैभव आणि दुःख दोन्ही पाहिले, ती यादवी छत्रपतींच्या गादीसाठी होती.

१७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि संभाजीपुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले. ज्येष्ठ शाखेचा वारस म्हणून त्यांनी गादी मागितली. मोगलांशी झुंजून राज्य राखणाऱ्या ताराबाईंना मात्र आपला पुत्र शिवाजी हाच खरा धनी वाटत होता. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले. १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी कोल्हापूरची गादी उभारली. १७१४ मध्ये तेथे राजसबाईंचे पुत्र संभाजी सत्तेवर आले. पुढे निजामाने त्यांचा पक्ष घेतला, पण १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी त्याला नमविले.

१ एप्रिल १७३१ रोजी डभईला उमाबाईंचे पुत्र, शाहूंचे सेनापती त्र्यंबकराव, शाहूंच्याच पेशव्याशी लढताना पडले. त्याच महिन्यात वारणेचा तह झाला. नदी सीमा ठरली आणि चोवीस वर्षांच्या कलहाअंती शिवछत्रपतींच्या राज्याची दोन राज्ये झाली.