पऱ्हाटीतली अळी (भाग ६) : विष पचवणारी पिढी

नोव्हेंबरात देवळी किंवा हिंगणघाट तालुक्यातल्या एखाद्या शेतातून हिरवं, टणक बोंड तोडून पाहा. वरून ते निरोगी दिसतं. फोडलं की आत पिवळट पडलेला ओला कापूस, पोखरलेली सरकी आणि तिच्यात बसलेली सेंटिमीटरभर लांबीची गुलाबी अळी सापडते. अंड्यातून निघाल्यावर ती लवकरच बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजून जातं. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. झाडाच्या अंगातच विष असलेलं बीटी बियाणं म्हणूनच आपल्याकडे इतकं मोलाचं ठरलं. ते विष काम कसं करतं हे मागच्या भागात पाहिलं. ते चालेनासं का झालं, हे आज पाहू.

बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यात क्राय१एसी हे एकच जनुक होतं. २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरं जनुक घेऊन बोलगार्ड-२ आलं. या जनुकांमुळे झाडात तयार होणारी प्रथिनं अळीच्या आतड्यातल्या ठरावीक रेणूंना चिकटतात, मगच आतड्याला भोकं पडतात. प्रतिकारक अळीत हे चिकटण्याचे रेणूच बिघडलेले असतात. क्राय१एसीच्या बाबतीत कॅडहेरीन आणि क्राय२एबीच्या बाबतीत एबीसीए२, अशा दोन्हींच्या जनुकांतले बिघाड भारतातल्या गुलाबी बोंडअळीत सापडले आहेत.

असा बिघाड बियाण्यामुळे होत नाही. असंख्य अळ्यांमध्ये एखादीत तो आधीपासूनच असतो. बीटीच्या शेतात बाकीच्या मरतात आणि तेवढी एक उरते. सुदैवाने हा गुण बहुधा आई-बाप दोघांकडून आला तरच कामी येतो. प्रतिकारक पतंगाचा साध्या पतंगाशी संयोग झाला, तर त्यांच्या अळ्या बीटीवर मरतात. शेतात साधे पतंगही भरपूर हवेत, ते एवढ्याचसाठी. म्हणून बीटीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याची अट होती. त्यालाच आश्रय पीक म्हणतात. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची ‘नॉन-बीटी’ची वेगळी पुडी मिळायची.

बहुतेक ठिकाणी ती पुडी पेरलीच गेली नाही. याचा दोष शेतकऱ्यावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं. तीन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाने जमिनीचा एक तुकडा दरवर्षी अळीला खायला सोडावा, अशी ती अपेक्षा होती. त्याबद्दल त्याला भरपाई नव्हती. त्या पुडीतल्या बियांचा दर्जा आणि पिकाचा कालावधी मुख्य वाणाशी जुळत नसल्याच्याही तक्रारी होत्या. नंतर बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली, पण तोवर फार उशीर झाला होता.

आपल्या भागात कपाशीत तुरीच्या ओळी टाकण्याची जुनी रीत आहे. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी तूर आणि हरभऱ्यावरही जगते. तिथे तिला बिनविषाचं खाद्य मिळतं आणि साधे पतंग तयार होत राहतात. म्हणूनच तिच्यावर बीटीचा वचक अजून बऱ्यापैकी टिकून आहे. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच पोसते. तुरीच्या ओळी तिच्या बाबतीत काहीच कामाच्या नाहीत.

दुसरी अडचण बियाण्यातच आहे. आपल्याकडचा बीटी कापूस जवळपास सगळा संकरित. जनुक एकाच पालकाकडून आलेलं असल्याने बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. एकेका जनुकाचा हिशेब केला तर साधारण चारातली एक सरकी त्याच्याविना असते. अळी खाते नेमकी सरकीच. कमी-जास्त विष पोटात गेल्याने अर्धवट प्रतिकार असलेल्या अळ्याही तग धरतात. त्यात झाडाचं वय वाढेल तसं विषाचं प्रमाण घटतं. हे संकरित वाण सहा-सात महिने उभे राहतात, आणि ओलीत असेल तर फरदड, म्हणजे हंगामानंतरही पीक राखून उशिराची वेचणी, घेतली जाते. मार्चपर्यंत पऱ्हाटी शेतात राहिली की अळीला मधला खंडच पडत नाही.

व्हायचं तेच झालं. गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांतली अळी क्राय१एसीला दाद देत नाही, हे २०१० मध्ये बीटी बियाण्याच्या कंपनीनेच जाहीर केलं. २०१५ मध्ये गुजरातेत बोलगार्ड-२ वरही ती मोठ्या प्रमाणात आली. २०१७ मध्ये विदर्भाचा कापूस तिने पोखरला. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला.

ही अळी जिंकणारच असं कुठे लिहिलेलं नाही. अमेरिकेत ॲरिझोनात १९९६ पासून बीटी कापूस आहे. तिथे आश्रय पीक काटेकोरपणे लावलं गेलं, २००६ पासून वांझ पतंग विमानातून सोडले गेले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने देशाच्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. तिथली मोठाली शेतं आणि सरकारी खर्च आपल्याकडे आणता येणार नाही. पिकाचा खंड मात्र आणता येतो. डिसेंबरअखेर वेचणी संपवून पऱ्हाटी उपटायची आणि जूनच्या आधी लागवड करायची नाही. अडचण पैशाची आहे. जानेवारीतली उशिराची वेचणी कवडीची असली तरी घरात चार पैसे आणते. कमी दिवसांत येणारं वाण आणि डिसेंबरपर्यंतच्या कापसाला नीट भाव मिळाला, तर फरदड सोडायला शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

शेत रिकामं झालं तरी अळी संपत नाही. ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत सुप्तावस्थेत पडून राहते आणि वेचलेल्या कापसाबरोबर हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये पोचते. तिथे सरकीच्या ढिगातून पतंग निघतात आणि आसपासच्या शेतांकडे जातात. म्हणून जिनिंगच्या आवारातही कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणारे सापळे, लावण्याची शिफारस आहे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर काय करायचं आणि कोणतं औषध टाळायचं, ते पुढच्या भागात.